फावड्यांचं घराणं

११ डिसेंबर, गुरुवार

ही डायरी वर्षालीच्या कंपनीची. पहिल्या पानावर गिअरचं चित्र आहे, म्हणून गणपती समजून त्यालाच हळदीचं बोट लावलं. वर्षाली म्हणजे माझी नात, चाकणला कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे. म्हणाली, आजी, तू दिवसभर कुकरशी बोलतेस, त्यापेक्षा लिही. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढं म्हशी आल्या. पण बोलताना हाय आणि लिहिताना आहे, एवढं गुरुजींनी डोक्यात पक्कं बसवलंय.

आज गुरुवार, इकडच्या कंपन्यांना सुट्टी. मुलगा झोपलाय, सून विजयश्री गिरणीत गेली आहे, आणि आमचे हे कानाचं यंत्र काढून पेपर वाचतायत. म्हणून बसले लिहायला. पोटात ठेवलं तर कुजेल.

रविवारी राजगुरुनगरला प्रज्वलचा साखरपुडा होता. प्रज्वल म्हणजे माझ्या नणंदेचा, इंदुताईंचा नातू. आम्ही बायका एकीकडं बसलेलो. वर्षाली कशावरून तरी खळखळून हसली. वन्संनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि साऱ्या जणींना ऐकू जाईल असं बोलल्या, "पोरगी इंजिनेर झाली, पण दात आजीकडूनच उचलले. फावड्यांचं घराणं."

सगळ्या हसल्या. वर्षालीसुद्धा हसली, एवढी भोळी. मी नाही हसले. मी चारचौघांत हसतच नाही, हसले तर पदराआड.

ती सवय वन्संनीच लावलेली. माझ्या लग्नात पंगतीला मला नाव घ्यायला सांगितलं. आईनं उखाणा घोकून घेतला होता. "चाकणचा कांदा, मोशीची मेथी," एवढं म्हटलं, तोच वन्सं ओरडल्या, "अगं बाई, आधी ते फावडं आत घे." त्या माझ्याच वयाच्या, पण दात कसे डाळिंबाचे दाणे. पंगत हसली, वाढपी हसले, आमचे हे पण हसले. पुढची ओळ माझ्या तोंडातच राहिली. तेव्हा पदर तोंडाशी नेला तो नेलाच. आमच्या घरातले फोटो बघा, सगळ्यांत मी आहे आणि तोंड कुठंच नाही.

मला बोलल्या ते गिळलं. नातीला बोललेलं गिळणार नाही. आमच्या मोशीच्या नागेश्वरापुढं उभं राहून सांगून आले, या बाईची जिरली पाहिजे, आणि माझ्या डोळ्यांदेखत जिरली पाहिजे. पुढं माझं काय करायचं ते कर.

१५ डिसेंबर

नागेश्वर पावला. एवढ्या लवकर तो कुणाला पावल्याचं ऐकलं नाही.

वर्षाली संध्याकाळी आली ती बोबडी बोलत. म्हटलं काय झालं गं. तिनं ओठ वर करून दाखवला. दातांवर काचेसारखा साचा. बघितलं तर दिसत नाही, दिसला तर चकाकतो. दर थोड्या दिवसांनी नवा साचा घालायचा, आधीच्यापेक्षा केसभर वेगळा, आणि दात बिचारे ढकलत ढकलत ओळीत येतात. जेवताना काढायचा, बाकी सारा वेळ तोंडात. दातांवर तांदळाच्या कणीएवढे ठिपके चिकटवलेत, त्यात तो अडकून बसतो.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हटलं, वन्संच्या तोंडाला कुलूप घालतेस बघ पोरी. ती म्हणाली, "आजी, माझा खालचा दात वरच्या हिरडीला लागतो, जखम होते. दिवाळीच्या आधीच मापं दिली होती." मनातलं बोलून दाखवत नाही, माझ्यावर गेली आहे.

प्रज्वलचं लग्न एप्रिलात आहे. तोवर पोरीचे दात डाळिंबाचे करायचे. मग तिला वन्संच्या अगदी समोर बसवायची आणि हसवायची. कशी हसवायची ते मी बघते.

२ जानेवारी

माझ्यावर मोठी जबाबदारी येऊन पडली आहे. पोरगी साचा काढते आणि घालायचा विसरते. चहाला काढायचा, चहा झाला की दात घासून परत घालायचा. आमच्या घरात चहा म्हणजे काही विचारू नका, पाणी कमी पितो आम्ही. मी तिचा चहाच बंद केला. विजयश्री म्हणाली, सासूबाई, ती मोठी आहे. म्हटलं, असू दे.

आता ती उंबऱ्यात पाय ठेवते तोच मी विचारते, घातलं का. फोनवरही तेच. परवा तिच्या साहेबांनी फोन उचलला, मी त्यांनाही विचारलं, घातलं का. ते म्हणाले, काय? वर्षाली दोन तास रुसली होती.

एक ज्योतीराम म्हणून मुलगा आहे तिच्या खात्यात, बीडकडचा. शिफ्ट एकच म्हणून मोटरसायकलवरनं सोडतो. बस असताना कशाला सोडतो कोण जाणे, पण पेट्रोल त्याचं.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. वन्सं दर वर्षी हळदीकुंकवाला बोलावतात, ते दारातल्या रांगोळीपासून स्वतःच्या सुनेपर्यंत सगळं दाखवायला. यंदा बोलावणं नाही. फोन केला तर तोंडात गुळणी धरल्यासारखं बोलल्या. हूं, हूं, बरं. आणि ठेवला. किती हा तोरा. नातवाला हिंजवडीची नोकरी लागली म्हणून आम्ही आता फोनवर बोलायच्याही लायकीचे राहिलो नाही.

सून त्यांची तिळगूळ द्यायला आली होती. बिचारी वाळलेली. मी आपली कडक चिक्की पुढं केली. म्हणाली, "मामी, मऊ काही असलं तर डब्यात घाला. चिक्कीला आमच्याकडं हात लावत नाहीत." ऐकलंत? माझी चिक्की चालत नाही यांना. तिच्यासमोर मीच एक तुकडा कडाडून फोडला आणि खाल्ला. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी वीट खाल्ली.

हेही वहीत बांधून ठेवते. हिशेबाला लागेल.

८ फेब्रुवारी

दात हलले! म्हणजे ओळीत सरकले. पुढचे दोन्ही आत गेले थोडे. मी तिला खिडकीशी उभी करून तोंड उघडायला लावलं आणि बैल घेताना बघतात तसं बघितलं. रबराची एक नळी असते, ती पोरगी चावत बसते, साचा नीट बसावा म्हणून. चावताना अगदी आमच्या म्हशीसारखी दिसते, पण हे तिला सांगितलं नाही.

आज ज्योतीराम चहाला आला होता. पोरानं वाईट वाटावं असं काही केलं नव्हतं, पण बोलला ते बघा. म्हणाला, "आज्जी, ह्यांचा तो कडंचा एक दात हाय ना, तेवढा तसाच राहू द्या म्हणावं डॉक्टरला. हसल्यावर लै चांगला दिसतो." वर्षाली पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली ती आलीच नाही. मी त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, बाळा, तू कुणाच्या बाजूचा? राजगुरुनगरला तुझं कोण असतं? तो म्हणाला, कुणी न्हाई आज्जी. मग म्हटलं, दाताच्या भानगडीत पडू नको.

गेल्यावर वर्षालीनं साचा घालायला किती वेळ लावला. आरशासमोर उभी. तो कडेचा दात बघत होती.

११ मार्च

लग्नाची पत्रिका आली. सोनेरी, उघडली की वाजते. मुलीचं नाव योगिनी, चांगलं आहे. खाली वन्संचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात.

मी बेत लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. वर्षालीला डाळिंबी साडी. जेवणाला वन्संच्या समोरची खुर्ची. यांनी दोरीला साप समजून झोडपलं ती गोष्ट मी सांगणार, जी ऐकून ती लहानपणापासून हसते. ती हसली की मी म्हणणार, वन्सं, फावडं दिसतंय का कुठं? बस. एवढंच. रोज भाकरी थापताना म्हणून बघते. कालच्या भाकरी म्हणे फार पातळ झाल्या, विजयश्री विचारत होती काय झालं. आनंद झालाय, दुसरं काय.

२ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

काल पोरगी कँटीनमध्ये घाईत मिसळ खाऊन आली, साचा तोंडात तसाच. हळदीनं पिवळाधमक झाला. आज सुट्टी म्हणून उशिरापर्यंत झोपली होती, साचा पेल्यात. मी पेला उचलून उजेडात धरला. लग्न तोंडावर. वन्सं म्हणतील, आधी फावडी होती, आता पिवळी फावडी.

आपल्याला काय माहीत आहे? घरात पोरं झाली तेव्हा बाटल्या, बुचं, दुपटी सगळं उकळून काढलं. उकळलं की निर्मळ. पातेल्यात पाणी ठेवलं, चमचाभर खायचा सोडा टाकला आणि साचा सोडला. बघते तर तो वळायला लागला. पळीनं काढला तोवर पापडासारखा आकसून त्याचा गोळा झाला होता.

वर्षाली उठून आली, पळीकडं बघितलं. मी म्हटलं, अगं पिवळा झाला होता, वन्सं बघतील. तिनं पळी माझ्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली. मग हळू बोलली, आणि हळू बोललेलंच लागतं.

"आजी, हे दात माझे आहेत. तुझ्या भांडणात त्यांना कशाला ओढतेस?"

दार लावून घेतलं. जेवायला आली ती फोनकडं बघत जेवली. मी काय वाईट केलं? जे केलं ते तिच्यासाठीच केलं. तिला लागलेलं मीच धरून बसले आहे, तिला आठवतही नाही, इतकी ती भोळी आहे.

यांना सांगितलं तर म्हणाले, काय उकळलं? बटाटे का?

४ एप्रिल

डॉक्टरणीकडं मीही गेले. वर्षाली नको म्हणाली नाही, हो पण म्हणाली नाही, मी गाडीत बसले. ताहेरा मॅडम, मुलगीच आहे तशी, पण हात हलका. तिला वळलेला साचा दाखवला, तिनं ओठ दाबले, हसू आवरत होती बहुतेक. म्हणाली, आधीचा साचा परत घालायचा, नवा यायला वेळ लागेल. लग्नापर्यंत दात पुरे नाही होणार. मी विचारलं, काही जादा करून, दोन साचे एकदम घालून? तिनं सांगितलं, दात म्हणजे खिळे नाहीत आजी, ठोकून नाही बसवता येत.

संपलं. माझ्या हातानं संपवलं मी.

डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडाशी धरला. मॅडमला वाटलं माझा दात दुखतोय. खुर्चीत बसवलं. "आजी, पदर खाली घ्या." नको नको म्हटलं, पण दिवा डोळ्यांवर पडला की माणसाचं काही चालत नाही. तिनं आत बघितलं, ठोकून ठोकून बघितलं.

"सगळे तुमचेच?"

"मग कुणाचे असतील, शेजारणीचे?"

ती म्हणाली, या वयात इतके घट्ट दात तिनं फार कमी बघितलेत. कडुलिंबाची काडी का, विचारलं. म्हटलं, काडी, आणि हसायची बंदी. वर्षाली कोपऱ्यात बसली होती, तिनं वर बघितलं. येताना गाडीत तिनं माझा हात धरला. मला वाटलं खड्डा आला.

घट्ट आहेत म्हणे. घट्ट घेऊन काय करायचं, दिसतात तर बाहेर.

२७ एप्रिल

काल लग्न झालं. आज सकाळपासून लिहायला बसणार होते, पण मधेच उठून हसून येत होते.

ज्योतीराम गाडी घेऊन आला होता आम्हाला न्यायला. त्याची गाडी नाही, मित्राची. बस होती तरी आला. चांगला आहे पण बिनकामाचा.

हॉल मोठा, गार हवा सोडलेली, जेवण उभ्यानं घ्यायचं. म्हाताऱ्यांसाठी तेवढी टेबलं मांडली होती. वन्सं आधीच बसलेल्या, पैठणीत, आणि तोंडावर पदर.

माझं डोकं सणकलं. मला वाटलं, माझी नक्कल करतायत. भर लग्नात, पाहुण्यांसमोर, बसल्या तर पदर धरून, अगदी माझ्यासारख्या. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. ठरवलं, आता गोष्ट नाही, दात नाही, सरळ भांडण.

वाढपी आला. जिलेबी, भजी, चपाती, मसालेभात. वन्संनी नुसतं वरण घेतलं. पदराखालून चमचा नेला. तेव्हा मला दिसलं.

आत काही नाही. ओठ विहिरीत गेल्यासारखे आत गेलेले. डाळिंब रिकामं.

त्यांची सून माझ्या कानाशी लागली. साखरपुड्यानंतर हिरड्यांनी दगा दिला, एक एक करत सगळे काढावे लागले. कवळी केली आहे, पण टोचते म्हणून पिशवीत असते. "मामी, कुणाला कळू द्यायचं नाही म्हणतात आत्याबाई."

मग मला फोनवरची ती गुळणी आठवली. आणि परत गेलेली माझी चिक्की.

मला वाईट वाटलं पाहिजे होतं का? मी नीट तपासून बघितलं आत. नाही वाटलं. आधी गुदगुल्या झाल्या, मग पोटातून ऊब आली. नागेश्वराला मनातल्या मनात नारळ बोलले.

तेवढ्यात योगिनीनं प्रज्वलला घास भरवून नाव घेतलं, आणि पोरी म्हाताऱ्यांच्या टेबलाकडं वळल्या. आधी वन्संना धरलं. त्यांनी मान हलवली, हात हलवले. मग मला. मी उभी राहिले, सवयीनं पदर तोंडाशी न्यायला गेले तर येईना. वर्षाली शेजारच्या खुर्चीत पदरावरच बसली होती, धांदरट. उठ म्हटलं तर तिला ऐकूच येईना, तोंडभर हसत माझ्याकडं बघत होती, कणीएवढे ठिपके चमकत होते.

मग काय करते? पोरी वाट बघत होत्या. उघड्या तोंडानं म्हटलं,

"चाकणचा कांदा, मोशीची मेथी,
अर्जुनरावांचं नाव घेते, मला कुणाची भीती."

आईनं शिकवलेली दुसरी ओळ वेगळी होती, सासरच्या प्रीतीची. ती आठवली होती. घेतली नाही.

टाळ्या पडल्या. यांना ऐकू गेलं नाही, पण टाळ्या बघून त्यांनीही वाजवल्या. मी खाली बसले, वन्संच्या डोळ्यांत बघितलं आणि वाढप्याला हाक मारली, सगळं टेबल वळेल अशी.

"अहो भाऊ, इकडं या. आमच्या वन्संना चावत न्हाई, जरा मऊ वाढा."

वन्संचा चमचा थांबला. पदराआडून म्हणाल्या, "कस्तुरे, हळू बोल."

"मला हळू बोलता येत न्हाई वन्सं. तोंड पुढं हाय ना."

ते बोलल्यावर मी हसले. सगळे दात बाहेर काढून, मागच्या दाढांपर्यंत. भजं उचललं, कडक होतं, कुडुम करून चावलं. मग जिलेबी. मग काकडी. वन्सं बघत होत्या. मी सावकाश खाल्लं. इतकं चवीनं मी लग्नात कधी जेवले नव्हते, आणि लग्नं काय थोडी झाली?

वरण संपल्यावर त्या नुसत्या बसून राहिल्या. ताटात चपाती तशीच. उपाशी उठल्या असत्या तर लोक मलाच बोलले असते, आणि माझी मजा अर्धी झाली असती. मी त्यांचं ताट ओढलं, वाढप्याकडून दूध मागवून त्यात चपाती कुस्करली, वर साखर घातली, पुढं सरकवली. त्यांनी आधी बघितलं नाही. मग खाल्लं. सगळं. पदर एका हातानं धरून एका हातानं खाताना किती सांडतं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, पदर सोडा, सगळ्यांनी ऐकलंय आता. त्यांनी नाही सोडला. नाही तर नाही.

रात्री झोप अशी लागली की बस.

२९ एप्रिल

ज्योतीरामनं फोटो पाठवले. वर्षालीनं मला फोन दिला आणि शेजारी बसली. आता बोलते ती माझ्याशी, चहाही पिते कधीमधी, मी बघितलं नसल्यासारखं करते. नवा साचा आला आहे. तो कडेचा दात तिनं डॉक्टरणीला सांगून थोडा तसाच ठेवायला लावलाय म्हणे. का, विचारलं, तर म्हणाली, असंच. ज्योतीरामचे आईवडील बीडहून येतायत पुढच्या गुरुवारी, आपल्या मोशीत भरलेलं शेतीचं प्रदर्शन बघायला. आपल्याकडं जेवायला येतील म्हणाली. विजयश्री आतापासून पडदे धुतेय. प्रदर्शन बघणाऱ्यांना पडदे कशाला पाहिजेत?

तर फोटो. एका फोटोत एक बाई होती, खुर्चीत मागं रेलून हसतेय. तोंड आकाशाएवढं. मी विचारलं, ही कोण, मुलीकडची का? वर्षालीनं बोटांनी फोटो मोठा करून दाखवला. साडी बघितली, माझी. बांगड्या माझ्या. मी फोन जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ बघितलं. बाई बरी दिसते हसताना. शेजारी वन्सं, तोंडावर पदर.

म्हटलं, हा मोठा करून काचेत घाला. एक आपल्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर. आणि एक राजगुरुनगरला पाठवा, चांगला बांधून, काच फुटता कामा नये.

वर्षाली हसायला लागली. विजयश्री आतून म्हणाली, पाठवायचाच तर खाली नाव तरी घालायला सांगा.

म्हटलं, नाव कशाला. दातांवरनं ओळखतील.